मास्टर विकायचा नाही

अरे, तुझा मेसेज वाचला आणि झोपच लागंना. स्ट्रीमिंग ॲपवर एवढे प्ले होऊन पैसे एवढेसेच कसे, आणि ती कंपनी जोतिबाच्या गाण्याचे एकरकमी द्यायला तयार हाय तर घेऊन टाकू का, म्हणतोस. नको. आधी नको म्हणतो, मग कारण सांगतो.

एका प्लेला अमुक पैसे असा रेट तिथं ठरलेलाच नसतोय. जाहिरातीचे आणि सबस्क्रिप्शनचे पैसे एकत्र जमतात, प्लॅटफॉर्म आपला वाटा काढतो आणि उरलेलं एकूण स्ट्रीममधल्या हिश्श्यानं वाटतो, म्हणजे तुझ्या चाहत्यानं महिनाभर फक्त तुलाच ऐकलं तरी त्याचे पैसे सगळ्यांच्यात वाटले जातात आणि मोठा घास सिनेमाच्या गाण्यांचा. त्यात आपल्याकडं फुकट ऐकणारे जास्त. स्पॉटिफायनं तर 2024 पासून वर्षात 1,000 स्ट्रीम नसलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच बंद केलेत.

थोडे येतात म्हणूनच मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा हक्क, विकायचा नाही! चैत्रात सासनकाठ्या नाचणार त्या दरवर्षी, तुझं गाणं वाजणार दरवर्षी, ते थोडे थोडे पैसे मग कुणाच्या खात्यात?

आणि शब्द-चालीचा हक्क वेगळा असतोय, कितीदा सांगू? गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था हाय ना, आयपीआरएस, तिचा मेंबर अजून झाला नसशील. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही, तरी करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' घुसडतात आणि आपली पोरं चहा पीत सही करतात.

कॅसेटच्या काळात मलाही एका कंपनीनं भजनांचे एकरकमी देऊ केलेले. बहिणीचं लग्न तोंडावर होतं, तरी दिली नाहीत. ती भजनं फार लोकांपर्यंत पोचली नाहीत, याची खंत हाय, घरात अजून ऐकून घेतो त्यावरून. पण माझ्या जोडीदारानं विकलं, त्याचं गाणं आज प्रत्येक मंडळापुढं वाजतंय आणि त्यानं स्वतःच्या चॅनलवर टाकलं की त्यालाच कॉपीराइट क्लेम येतोय. मी केलं ते बरोबरच केलं. हट्टी म्हण, चालंल.

नड असंल तर मुदतीचं लायसन्स दे, दोन-तीन वर्षांचं, लेखी, पण मास्टर तुझ्याच नावावर. ढोलकीवाल्याचा वाटाही आत्ताच कागदावर घे, बाबा, नंतर भांडणं होतात. करार व्हॉट्सॅपवर पाठव, मुदतीचं कलम आधी बघतो.