डीएनए चाचणीतून युरोपीय राजघराण्याशी नातं सिद्ध होतं का?

नुसत्या चाचणीने नाही. ऑटोसोमल चाचणीत (आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए तपासणारी नेहमीची चाचणी) पूर्वजाचा वाटा दर पिढीला निम्मा होतो. दहाव्या पिढीत सरासरी 0.1 टक्का, आणि बऱ्याचदा चक्क शून्य. त्यामुळे आधी कागदोपत्री वंशावळ जुळवा. मग सलग बाप-मुलगा साखळी असेल तर वाय-क्रोमोसोम चाचणी (वाय फक्त बापाकडून मुलाला मिळतो), सलग आई-मुलगी असेल तर पूर्ण मायटोकॉन्ड्रियल चाचणी (हा डीएनए फक्त आईकडून मिळतो). तुलनेला त्याच साखळीतला दुसरा वंशजही लागतो.

2012 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या कार पार्कखाली ज्याचा सांगाडा सापडला, तो इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड घ्या. बहीण अ‍ॅनच्या मातृवंशातल्या दोघांशी मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला: एकाशी तंतोतंत, दुसऱ्याशी एका बदलाच्या फरकाने. पण कागदोपत्री रिचर्डशी एकाच पितृवंशाने जोडलेल्या पाचव्या ब्यूफोर्ट ड्यूकच्या (इंग्लिश सरदार) पितृवंशातल्या पाचांपैकी एकाचाही वाय जुळेना. मधे कुठेतरी कागदावरचा बाप वेगळा होता. शिवाय पाचातला एकजण उरलेल्या चौघांशीही जुळला नाही!