हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेनवर कॅलिपर या वेग मोजणाऱ्या टूलने टेस्ट केली तर टीपीएस (सेकंदाला ट्रान्झॅक्शन) जेमतेम २.५ येतो. नेटवर्कच स्लो आहे की माझं काही चुकतंय?

टेस्ट चुकतेय. नेटवर्क बिचारं बसून आहे.

तुम्ही लिहिलंय की फॅब्रिक-सॅम्पल्समधलं टेस्ट-नेटवर्क लॅपटॉपवर चालू केलं, कॅलिपरचे ५ वर्कर (ट्रान्झॅक्शन पाठवणारे) लावले आणि प्रत्येक वर्कर एक ट्रान्झॅक्शन कमिट झालं, म्हणजे लेजरवर नोंदलं गेलं, की मगच पुढचं पाठवतो. त्या नेटवर्कची कॉन्फिगटीएक्स ही सेटिंगची फाइल उघडा: बॅचटाइमआउट २ सेकंद, मॅक्समेसेजकाउंट १०. ऑर्डरर, म्हणजे ट्रान्झॅक्शन गोळा करून त्यांचा ब्लॉक बनवणारा भाग, वडापची जीप समजा. १० सीट भरल्या की निघते, नाहीतर पहिला पॅसेंजर बसल्यापासून २ सेकंदांनी. तुमचे पॅसेंजर पाचच, आणि ते उतरल्याशिवाय नवे येत नाहीत. मग दर खेपेला जीप २ सेकंद थांबणारच. ५ भागिले २ म्हणजे २.५. तुम्ही फॅब्रिक मोजलंच नाही, टाइमआउट मोजला.

फिक्स्ड-रेट कंट्रोलर घ्या, म्हणजे कमिटची वाट न बघता ठरलेल्या वेगाने ट्रान्झॅक्शन जातील. २० पासून सुरू करून दर फेरीत वेग वाढवा. सेंड रेटच्या (पाठवण्याच्या वेगाच्या) बरोबरीने थ्रूपुट (पूर्ण होण्याचा वेग) चढतोय तोवर मजा आहे. एका टप्प्याला तो अडकतो आणि लेटन्सी (एका ट्रान्झॅक्शनला लागणारा वेळ) भरमसाट वाढते. त्याच्या अलीकडचा आकडा तुमचा. मग मेसेजकाउंट बदला, डेटाबेस काउचडीबी ठेवला असेल तर त्याऐवजी लेव्हलडीबी लावून बघा, पण एका फेरीत एकच बदल. (लॅपटॉपवर पीअर (लेजर ठेवणारे नोड), ऑर्डरर आणि कॅलिपर एकाच सीपीयूसाठी भांडतात, त्यामुळे हे आकडे आपापसात तुलनेपुरतेच.)

आणि कॅलिपरच्या रिपोर्टमधला फेलचा कॉलम बघा! मी एकदा सगळी ट्रान्झॅक्शन एकाच खात्यावर मारली होती. एंडोर्समेंटच्या वेळी (पीअर ट्रान्झॅक्शन आधी चालवून सही करतात तेव्हा) वाचलेली खात्याची व्हर्जन कमिटपर्यंत बदललेली, त्यामुळे बहुतेक सगळी ट्रान्झॅक्शन एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट या एररने बाद. फॅब्रिकमध्ये बाद ट्रान्झॅक्शनही ब्लॉकमध्ये राहतात, फक्त अवैध असा शिक्का बसतो. मी ब्लॉकमधली संख्या मोजून टीममध्ये आकडा मिरवला, आणि दुसऱ्या दिवशी तोंड लपवलं. खरा लोड असा एका की-वर (लेजरमधल्या एकाच नोंदीवर, जसं ते खातं) येणार असेल तर टेस्टही तशीच हवी. नसेल तर की पसरवा.

क्वेरी (नुसतं वाचणाऱ्या विनंत्या) मात्र या टीपीएसमध्ये धरू नका, त्या ऑर्डररकडे जातच नाहीत.

नव्या फेरीचे आकडे फेलसकट इथे टाका, बघू.