परिशिष्ट-२ मध्ये अपात्र ठरवलंय, थेट हायकोर्टात जाऊ का?

घाटकोपरच्या ताई, तुमचं म्हणणं असं की झोपडी १९९८ पासून तुमच्याच नावावर आहे, तेव्हाचं लाइट बिल आणि मतदार यादीचा उतारा दोन्ही दिलं होतं, तरी परिशिष्ट-२ मध्ये (म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी) अपात्र, ऑर्डरमध्ये नुसतं "पुरावे अपुरे", सुनावणीला बोलावलंच नाही. आणि भाच्याने वाचलं की कोर्टाने आता सरकारी खात्यांचं ऐकायचं बंद केलंय.

भाच्याने वाचलं ते खरंय, पण ते अमेरिकेतलं. तिथल्या सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये लोपर ब्राइट केसमध्ये १९८४ चा शेवरॉन निकाल मोडीत काढला, म्हणजे कायदा संदिग्ध असला की खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानायचा हा नियम तिथे गेला. तुमच्या केसला त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा टाटा सेल्युलर निकाल बघा. निर्णय बरोबर की चूक यात कोर्ट सहसा पडत नाही, तो घेतला कसा ते बघतं. म्हणजे तुमचं बिल खरं की खोटं हे हायकोर्ट तपासत बसणार नाही, पण ते न बघताच, तुम्हाला न ऐकताच सही केली असेल तर ती ऑर्डर टिकणं अवघड, आणि तुमची बाजू भक्कम आहे ती इथेच. त्यात १९७८ चा मोहिंदर सिंग गिल निकाल, ज्याचा मला खरंच आधार वाटतो: ऑर्डरमध्ये जे कारण लिहिलंय त्यावरच ती टिकली पाहिजे, मागाहून अॅफिडेव्हिटमध्ये नवी कारणं घुसवता येत नाहीत. म्हणूनच जपून काम करणारा अधिकारी प्रत्येक कागदाचं नाव घेऊन तो का नाकारला ते लिहितो. तुमच्या ऑर्डरमध्ये लाइट बिलाचा साधा उल्लेखही नाही, हे फार महत्त्वाचं आहे.

तरी थेट हायकोर्ट नको. अपिलाची सोय असताना आधी अपिलात जा असंच हायकोर्ट बहुतेक सांगेल, आणि हायकोर्टात जिंकलात तरी कोर्ट स्वतः पात्र ठरवेल असं धरून चालू नका, बऱ्याचदा ऑर्डर रद्द करून पुन्हा ऐका म्हणून परत पाठवतात. आधी ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढा, माहिती अधिकारात फाइलवरच्या नोंदी मागा पण त्यांची वाट बघत अपिलाची मुदत घालवू नका. अपिलात पहिला मुद्दा सुनावणी दिली नाही हा, दुसरा कारण दिलं नाही हा, मग पुरावे. मोफत घरासाठी १ जानेवारी २००० च्या आधीचा कागद लागतो, तो तुमच्याकडे आहे, ओरिजिनल मात्र कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.