फ्लेअर नटला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपला ब्रेकच्या नळ्यांच्या फिटिंगचा कॅटलॉग फ्रान्सच्या गिऱ्हाइकाला पाठवायचाय. इंग्रजीवरून फ्रेंच करताना 'इन्व्हर्टेड फ्लेअर नट'पाशी, म्हणजे नळीचं फुलवलेलं तोंड आवळून धरणाऱ्या एका नटापाशी, गाडी अडली. संगणकानं 'फ्लेअर'ला 'फ्युझे' सुचवलं. ते चालेल का?

अजिबात चालणार नाही. 'फ्युझे' म्हणजे संकटात आकाशात सोडतात तो उजेडाचा बाण. इंग्रजी फ्लेअरचा तोही एक अर्थ, म्हणून संगणक तिकडं गेला. खरी भीती पुढंच आहे. गाड्यांच्या धंद्यातला फ्रेंच माणूस 'फ्युझे' म्हणतो ते स्टब ॲक्सलला, ज्याच्यावर चाक फिरतं त्याला. अक्रोडाला म्हणतात तो 'न्वा' हा शब्द नटसाठी छापला असता, तर कुणीही चूक लगेच ओळखली असती. 'फ्युझे' मात्र त्याच धंद्यातला शब्द, तो चुकून खरा वाटतो.

आपल्याला हवंय ते नळीचं फुलवलेलं तोंड. तोंड रुंद करण्याला फ्रेंचमध्ये 'एव्हाझे' हे क्रियापद आहे, आणि फुलवलेल्या भागाला 'एव्हाझमां'. जुन्या कोशात 'द्युजॉं' हा शब्दही सापडेल. न्यूयॉर्कचे रिचर्ड डजन हे एकोणिसाव्या शतकातले कारागीर, 1851 साली हायड्रॉलिक जॅकचं पेटंट घेतलेले. बॉयलरच्या नळ्या फुलवायचं हत्यार त्यांच्या नावानं फ्रेंचमध्ये गेलं आणि तिथलंच झालं. फ्रीज-एसीच्या तांब्याच्या नळीला हा शब्द सर्रास चालतो. ब्रेकच्या कॅटलॉगमध्ये मी 'एव्हाझमां'च ठेवीन.

आता नट. उत्तर लिहायच्या आधी उद्यमनगरातून एक इन्व्हर्टेड फ्लेअर नट मागवून टेबलावर ठेवला. बाहेरून षटकोनी डोकं, मधून आरपार भोक, आणि आटे बाहेरच्या अंगाला! नळी आधी त्यातून ओवायची, मग तिचं तोंड फुलवायचं. नट आवळला की तो ते तोंड फिटिंगच्या बॉडीतल्या शंकूवर दाबून बसवतो. साध्या फ्लेअर नटला आटे आतून असतात, इथं उलटं. इंग्रजी दोन्हीला नट म्हणतं. आपले मिस्त्रीही 'नट'च म्हणतात, पण हातात घेतल्यावर म्हणतात, "अहो, हा तर बोल्टासारखा आहे." मिस्त्रींचं हे वाक्य अनुवादकानं ऐकायला हवं. फ्रेंच 'एक्रू' म्हणजे आत आटे असलेला नट. नुसतं 'एक्रू' छापलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं आतल्या आट्यांचा तुकडा येणार. म्हणून इथं 'राकोर माल', म्हणजे बाहेर आटे असलेलं जोडफिटिंग, हे निर्धास्त.

आट्यांच्या बाबतीत फ्रेंच आपल्यापेक्षा आणि इंग्रजीपेक्षाही काटेकोर आहे. बाहेरचे आटे ते 'फिलताज', आतले ते 'तारोदाज'. आपण डायनं बाहेरून पाडले काय, टॅप मारून आतून पाडले काय, आटे ते आटेच. फारतर पुढं 'आतले-बाहेरचे' लावतो. कॅटलॉगमधल्या प्रत्येक 'थ्रेड'ला ड्रॉइंग बघूनच शब्द द्यावा लागेल, शोधून एकदम बदलायची सोय नाही. 'फिलताज गाझ' दिसलं तर त्याला गॅसचं फिटिंग समजू नका. नळाच्या पाइपांचे ते ब्रिटिश मापाचे आटे, गॅसच्या पाइपांवरून नाव पडलेलं.

शब्दांचा क्रमही उलटा करावा लागतो. इंग्रजी विशेषणांची चळत लावून मुख्य वस्तू शेवटी ठेवतं, मराठीही तशीच. त्यामुळं आपल्याला ती चळत खटकत नाही. फ्रेंचला मुख्य वस्तू आधी लागते. शेवटचा शब्द उचलून पुढं आणायचा आणि बाकीचं एकेक करून मागं जोडायचं.

बाकीचे सोपे. एल्बो 'कूद', म्हणजे आपलं हाताचं कोपरच. निप्पल 'मामलों', शब्दशः तोच अर्थ, लाजायचं कारण नाही. टी 'ते', कपलिंग 'मांशों', प्लग 'बुशों', जो बाटलीच्या बुचालाही चालतो. होजला 'फ्लेक्सिब्ल', पण रेडिएटरच्या रबरी होजला गॅरेजमध्ये 'द्युरीत' म्हणतात. ते एका ब्रँडचंच नाव, जसं आपल्याकडं वनस्पती तुपाला डालडा.

तुमची ओळ अशी करा: 'राकोर माल पूर त्युब आ एव्हाझमां अँव्हेर्से'. उच्चार मी देवनागरीत दिलेत, स्पेलिंग कोशातून उतरवून घ्या. पुढं अंश लिहायला विसरू नका: गाड्यांच्या नळीचं तोंड 45 अंशांत फुलवलेलं असतं, हायड्रॉलिकचं बहुधा 37 अंशांत, आणि एकाची नळी दुसऱ्यावर बसवली तर गळते. आट्यांचं मापही ड्रॉइंगवरूनच उतरवा. युरोपातल्या ब्रेकच्या नळीला सहसा एम 10 × 1 (10 मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत 1 मिलिमीटर अंतर) लागतो, तुमच्या नटावर इंची आटे असतील तर ते तसंच इंचात लिहा, मिलिमीटरमध्ये फिरवू नका.