फाउंड्रीत ईआरपीचा उपयोग किती होतो, हे प्रश्नावलीतून कळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमबीएनंतर पीएचडीला नोंदणी झाली आहे, विषय 'कोल्हापूर जिल्ह्यातील फाउंड्री उद्योगात ईआरपीची परिणामकारकता' (फाउंड्री म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणारा कारखाना आणि ईआरपी म्हणजे सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर). तीनशे प्रश्नावल्या वाटल्या, दोन महिन्यांत अकराच परत आल्या. आता नमुना लहान करू, की गूगल फॉर्म पाठवू?

दोन्ही करू नका. प्रश्नावली काही दिवस बाजूला ठेवा आणि एका फाउंड्रीत जाऊन बसा. हे मी अनुभवातून सांगतोय. माझा प्रबंधही याच विषयाच्या आसपासचा होता आणि पहिलं वर्ष मी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा तिन्ही एमआयडीसींत फॉर्म वाटण्यात घालवलं. परत आलेल्या फॉर्मांत सगळीकडे 'सहमत'च्या रकान्यात खुणा. एका ठिकाणचे पाच फॉर्म तर एकाच अक्षरात, एकाच पेनानं भरलेले होते. ऑफिसमधल्या मुलानं सगळ्यांच्या वतीनं ते काम उरकलं होतं. त्याला दोष देता येत नाही. आपणच त्याला असे प्रश्न दिले होते, ज्यांचा त्याच्या कामाशी संबंध नव्हता.

तुमची प्रश्नावली फ्रेड डेव्हिसच्या 'टॅम'वर, म्हणजे लोक तंत्रज्ञान का स्वीकारतात याच्या मॉडेलवर बेतलेली दिसते: प्रणाली उपयुक्त वाटते का, सोपी वाटते का, मग वापरण्याचा इरादा आहे का. डेव्हिसचा १९८९चा मूळ लेख एकदा नीट वाचा. त्यातला पहिला अभ्यास आयबीएमच्या टोरांटोतल्या प्रयोगशाळेतल्या ११२ जणांचा आहे आणि दुसरा बोस्टनच्या ४० एमबीए विद्यार्थ्यांचा. ईमेल, मजकूर लिहिण्याचं आणि आलेख काढण्याचं सॉफ्टवेअर असली साधनं होती. वापरणं न वापरणं बरंचसं माणसाच्या हातात होतं. आपल्याकडे स्टोअरमधल्या माणसाला विचारा, "ईआरपी वापरायचा तुमचा इरादा आहे का?" एंट्री केल्याशिवाय त्याचं चलन निघत नाही आणि चलनाशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. त्याच्या इराद्याला तिथे काय अर्थ? जिथे वापर सक्तीचा आहे, तिथे 'वापरतात का' याचं उत्तर कायम 'हो' असतं. वापरतात कसं, हा खरा प्रश्न आहे.

ते मला कळलं एका वहीमुळे. नाव न सांगता लिहितो. एका फाउंड्रीत रिजेक्शनच्या एंट्री बघत होतो. प्रत्येक बाद कास्टिंगला (ओतीव भागाला) कारणाचा कोड द्यायचा: ब्लो होल (वायूमुळे पडलेलं छिद्र), श्रिंकेज, कोल्ड शट, सँड ड्रॉप वगैरे. पण सगळ्यात जास्त एंट्री 'इतर'मध्ये होत्या. ट्रेनिंग कमी पडलं असेल, असं मी टिपून ठेवलं. मग मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्या विभागाच्या, जुन्या सुपरवायझरांजवळ पाळीभर बसलो. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी होती. हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक), पॅटर्न नंबर आणि पुढे खरं कारण: 'कोअर दमट' (कोअर म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा), 'वाळूत ओल जास्त'. जुलै महिना होता. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, ठेवलेले कोअरसुद्धा ओल धरतात.

"मामा, हे कंप्युटरात का नाही घालत?"

"घालून काय करू? मीटिंगला पडद्यावर येतंय. ब्लो होल म्हटलं की मोल्डिंगचं नाव. वाळू माझी न्हाई, कोअर माझा न्हाई."

एवढ्या दोन-चार वाक्यांत माझ्या प्रबंधाची दिशा बदलली. ब्लो होल ओल्या वाळूनं येतं, दमट कोअरनं येतं, हवा निघायला वाट नसली तरी येतं. म्हणजे दोष एक आणि त्यात हात तीन शॉपचे, म्हणजे विभागांचे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक कोड एकाच शॉपच्या खात्यावर टाकलेला. मामांना कंप्युटर अवघड वाटत नव्हता, उलट तो काय करतो हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. त्यामुळे मालकाच्या पडद्यावर 'इतर' आणि रिजेक्शन कमी करायला लागणारी खरी माहिती खिशात.

माहिती-प्रणालींच्या अभ्यासक लिन मार्कस यांचा १९८३चा लेख मी यानंतर वाचला आणि वाटलं, आधी का कुणी दिला नाही! एका मोठ्या कंपनीत हिशेबाची नवी प्रणाली आली. विभागांचे आकडे मुख्य कार्यालयाला थेट दिसू लागले, तसे विभागातले अकाउंटंट विरोध करू लागले; काहींनी जुन्या जाड वह्या चालूच ठेवल्या. मार्कस म्हणतात, दोष माणसांच्या स्वभावात शोधू नका, केवळ सॉफ्टवेअरमध्येही नको. प्रणालीनं सत्ता कुणाकडून कुणाकडे नेली ते बघा. मामांच्या त्या डायरीला हे जसंच्या तसं लागू पडतं.

तर तुम्ही असं करा. ईआरपी असलेल्या फाउंड्रीत शेजारी चालू राहिलेल्या वह्या, डायऱ्या, भिंतीवरचे फळे, व्हॉट्सॲप ग्रुप यांची यादी करा. एकेका वहीबद्दल विचारा, ही कोण लिहितं, कोण वाचतं, यातलं काय सिस्टीममध्ये जातं आणि काय जात नाही. सोबत एंट्रीची वेळ आणि प्रत्यक्ष हीटची वेळ ताडून बघा. सगळ्या एंट्री पाळी संपताना दहा मिनिटांत झालेल्या दिसल्या, तर तिथेच प्रबंधाचं एक प्रकरण तयार होतं. एक-दोन फाउंड्री पुरतात. गोकुळ शिरगाव परिसरात ओळखीतून सुरुवात करा. गाईडचं पत्र मालकाला लागतं, पण शॉपमध्ये पत्रापेक्षा तुम्ही रात्रपाळीलाही आलात, याला किंमत असते.

एक गोष्ट आधीच, लेखी ठरवून घ्या: कोणती माहिती कुणी दिली, हे मालकाला सांगणार नाही. मला पुढे विचारणा झाली, "ती डायरी कुणाची?" मी सांगितलं नाही. त्यामुळे तिथलं माझं काम तीन आठवडे अडलं, पण त्यात एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न होता.

गाईड म्हणतील, एका कारखान्यावर पीएचडी होते का? ॲलन ली यांचा १९८९चा लेख दाखवा. मार्कस यांचीच केस घेऊन एकाच केसचा अभ्यास शास्त्रीय कसोटीला कसा उतरतो, हे त्यांनी मांडलंय. शिवाय क्लाइन आणि मायर्स यांचा १९९९चा लेख. अशा कामासाठी त्यात सात तत्त्वं दिली आहेत आणि मेथडॉलॉजीचं प्रकरण त्यावर उभं राहतं. शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) ईआरपीचे प्रबंध चाळा. प्रश्नावलीवाले ढीगभर सापडतील, म्हणून तुमच्या कामाचं वेगळेपण दाखवायला सोपं जाईल.

शीर्षकातला 'कोल्हापूर जिल्ह्यातील' हा शब्द मात्र अडचण करेल. दोन फाउंड्रींवरून जिल्ह्याबद्दल बोलता येणार नाही, म्हणून शीर्षक बदलण्याचा अर्ज आत्ताच करा, काम अर्ध्यावर आल्यावर नको. आणि ते अकरा फॉर्म टाकून देऊ नका. ज्यांनी रिकाम्या जागेत पेनानं दोन ओळी लिहिल्या असतील, त्यांना आधी फोन करा.