आधी खरारा, मग रिकीब

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. मुलांच्या घोडेस्वारी क्लबात घालायचं तर स्वतःचा घोडा लागतो का? आणखी काय काय मागतात?

बहुतेक ठिकाणी स्वतःचा घोडा लागत नाही, क्लबाचेच असतात. असलाच, तर त्याच्या लसीकरणाचे कागद आधी दाखवावे लागतात, कारण एक आजारी जनावर अख्खी पागा आडवी करू शकतं. मुलीसाठी पालकांची लेखी संमती आणि अडीअडचणीला कुणाला फोन करायचा ती माहिती मागतात. काही क्लब डॉक्टरांचा दाखलाही मागतात. धनुर्वाताची लस मात्र कुणी मागो न मागो, घेतलेली असू द्या. त्याचे जंतू माती आणि लीद दोन्हींत असतात. वयाची अट क्लबागणिक बदलते. मी स्वतः वयापेक्षा एकच गोष्ट बघतो : ‘थांब’ म्हटल्यावर मूल थांबतं का.

प्रश्न : तीन आठवडे झाले, मुलगा नुसती लीद उचलतोय आणि खरारा करतोय. फी स्वारीची भरली आहे ना?

भरली आहे, आणि स्वारीची शिकवणी सुरूही झाली आहे. दोन-तीन महिने खोगिरावर बसवलंच नाही तर जरूर जाब विचारा. तीन आठवडे मला जास्त वाटत नाहीत.

खरारा करताना, म्हणजे ब्रशने अंग घासताना, हात घोड्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळतात तिथे कातडी सोलवटलेली असेल, पाठीवर गाठ आली असेल, तर ती खोगीर चढवण्याआधी सापडते. खूर साफ करायचे ते टाचेकडून पुढच्या टोकाकडे, मधल्या मऊ भागाला टोचू न देता. माझ्याकडे दहा वर्षांची एक मुलगी होती. खूर साफ करता करता म्हणाली, ‘सर, हा पाय बाकीच्यांपेक्षा गरम लागतोय.’ घोडा तेव्हा लंगडतही नव्हता. पशुवैद्यांनी खुरात साचलेला पू काढला. त्या मुलीला अजून दुडकी चालीवर बसणंही धड येत नव्हतं, पण माझ्या हिशेबात ती त्या दिवशी स्वार झाली.

शिवाय घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर तो दचकून लाथ झाडतो. बोलत जायचं, खांद्याच्या बाजूने जायचं, ही सवय पाटी-घमेलं घेऊन वावरतानाच लागते.

प्रश्न : घरात सायकलचं हेल्मेट आणि खेळाचे बूट आहेत. चालतील का?

दोन्ही नाहीत. स्वारीचं हेल्मेट डोक्याच्या मागच्या बाजूला अधिक खाली येतं आणि पडण्याच्या वेगळ्या तऱ्हा धरून तपासलेलं असतं. हनुवटीचा पट्टा लावलेला हवा. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदला, आणि म्हणूनच कुणाचं जुनं वापरायला घेऊ नका. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या ठरलेल्या चाली दाखवायच्या स्पर्धेत, उंच टोपी घालून मिरवायची जुनी रीत होती. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने 2021 पासून तिथेही हेल्मेट सक्तीचं केलं. बुटाला छोटी टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो आणि पडणारा फरफटत जातो.

प्रश्न : स्पर्धेत घोडा अडथळ्यापाशी अडला. चिडून मुलाने उतरल्यावर त्याला दोनदा चाबूक मारला. क्लबाने महिनाभर स्वारी बंद केली. लहान मूल आहे, एवढी शिक्षा?

माझ्या मते योग्य आहे. आणि खरं सांगायचं तर उतरल्यावर मारलेला चाबूक घोड्याला काही शिकवतच नाही. अडलो होतो म्हणून मार बसला, हा संबंध त्याला लागत नाही. तो एवढंच शिकतो, की हा मुलगा जवळ आला की दुखतं.

मोठ्यांनाही सूट नसते. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे स्वारी धरून पाच खेळांच्या स्पर्धेत, घोड्याला ठोसा मारल्याबद्दल एका प्रशिक्षिकेला उरलेल्या स्पर्धेतून बाद केलं होतं. 2024 च्या पॅरिसनंतर तर त्या खेळातून स्वारीच वगळली गेली.

महिनाभर मुलाला घरी बसवू नका. खरारा, चारा-पाणी यांसाठी पाठवा. त्याच घोड्याची सेवा मिळाली तर उत्तम. आणि रागावू नका, पण आठवून बघा : त्या दिवशी कुंपणाबाहेरून ‘मार त्याला!’ कोण ओरडलं होतं? आचारसंहितेच्या कागदावर पालकांचीही सही घेतात ती याचसाठी.

प्रश्न : घोडा चालवत नेताना मुलीने दोरी हाताला गुंडाळली, म्हणून प्रशिक्षक सगळ्यांसमोर ओरडले. ती रडत घरी आली. हे वागणं बरोबर आहे का?

ओरडले ते बरोबर. घोडा चारपाचशे किलोंचा. तो बुजून उधळला की गुंडाळलेली दोरी क्षणात आवळते. बोटं तुटतात, मूल ओढलं जातं. तेव्हा ‘बाळ, असं करू नये’ म्हणायला वेळ नसतो. दोरी पुढेमागे घड्या घालून मुठीत धरायची, म्हणजे मूठ उघडली की सुटते. घरी ओढणी घेऊन तिच्याकडून वीसदा करून घ्या.

ती शांत झाल्यावर प्रशिक्षकांनी जवळ बसवून कारण सांगितलं का, हे मात्र त्यांना विचारा. सांगितलं नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे.