अ‍ॅक्सल बदलले, आवाज तसाच. आता गॅरेजवाले गाडी देईनात

प्रश्न : मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहते, पन्हाळ्याजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. गाडी उजवीकडे वळवली की पुढून घर्रर्र आवाज येतो. डावीकडे वळवली की जवळजवळ बंद होतो. एका गॅरेजने दोन्ही अ‍ॅक्सल (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे दांडे) बदलून १७,८०० रुपये घेतले. पैसे यूपीआयने दिले, मिळाली फक्त कच्ची चिठ्ठी. आवाज तसाच राहिला. उद्यमनगरातल्या ओळखीच्या फिटरने गाडी चालवून बघितली आणि डाव्या चाकाचं बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो भाग) गेलंय म्हणाला. ते सांगायला गाडी पुन्हा गॅरेजला नेली, तर त्यांनी न विचारता स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) उतरवला आणि आता तोही बदला म्हणतात. मी नकार दिला. आता उतरवण्या-बसवण्याचे ३,५०० दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. भाऊ म्हणतो पोलिसांत जाऊ. काय करू?

उत्तर : ताई, पोलिसांत जाऊन काही हाती लागणार नाही. गाडी तुम्ही स्वतः दुरुस्तीला सोडली, त्यामुळे ही चोरी होत नाही. ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असंच ऐकायला मिळेल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, सोपवलेल्या वस्तूवर कष्ट आणि कसब खर्च करणाऱ्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. न विचारता उतरवलेल्या रॅकला हे लागू नाही, असं मी तुमच्या वतीने नक्की मांडेन. पण तुम्ही आवाजाची तक्रार घेऊनच गाडी सोडली होती, म्हणून ते म्हणणार की कारण शोधायलाच रॅक उतरवला. या वादासाठी गाडी आत अडकवून ठेवू नका. पैसे आक्षेप नोंदवून द्या. मुकाट्याने दिले, तर उद्या समोरचा वकील ‘मान्य करूनच दिले’ म्हणेल.

खरी काळजी मला पुढची वाटते. गाडी हातात आली की तुम्ही थेट उद्यमनगर गाठाल, बेअरिंग बदलून घ्याल, आवाज थांबेल आणि हायसं वाटेल. पण ग्राहक आयोगात पैसे परत मागायचे, तर तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तो आवाजच आहे. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते. नुसतं निदान चुकलं, एवढ्यावर गॅरेज दोषी ठरत नाही. करायला हव्या त्या साध्या तपासण्या न करता महागडे भाग बदलले, हे दाखवावं लागतं.

आणि इथे तुमची बाजू भक्कम आहे. अ‍ॅक्सलचा जॉइंट गेला असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट-कट वाजतं आणि बहुधा त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस बाहेर उडालेलं दिसतं. बेअरिंगची घरघर वेगळी. ती वेगाबरोबर वाढते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून डावं बेअरिंग तेव्हा ओरडतं आणि डावीकडे वळताना गप्प होतं. तुम्ही लिहिलंय ते नेमकं हेच. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवलं, वर-खाली धरून हलवलं, तर बहुतेक वेळा काही मिनिटांत उलगडा होतो. अर्थात ब्रेकमागचा पत्रा वाकून घासला तरी खरखर येते, म्हणून अंदाजावर तक्रार करू नका.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून लेखी अहवाल घ्या. त्यात गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख, काय तपासलं आणि काय आढळलं, हे सही-शिक्क्यासह हवं. आवाजाचा व्हिडिओ काढा, मूळ फाइल फोनमध्ये जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडू. हे झालं की बेअरिंग खुशाल बदला आणि जुनं बेअरिंग पिशवीत घालून ठेवा. गॅरेजकडून जुने अ‍ॅक्सलही मागा. बदलीत देण्याचं ठरलं नसेल, तर ते तुमच्याच मालकीचे आहेत. त्यांचे बूट शाबूत निघाले, तर बदलले कशासाठी, याचं उत्तर गॅरेजला द्यावं लागेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पक्कं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद असल्यामुळे पैसे मिळालेच नाहीत, असं त्यांना म्हणता येणार नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि गॅरेजला १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवा. नोटीस सक्तीची नाही, पण पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. अ‍ॅक्सलचे पैसे, ही मजुरी, अहवालाचा खर्च आणि त्रासाबद्दल माफक रक्कम मागा. दोन लाख मागून तक्रार पोकळ करू नका.

बेअरिंग बदलेपर्यंत त्या गाडीने पन्हाळ्याचा घाट चढू-उतरू नका. बेअरिंग फार झिजलं तर चाक जाम होऊ शकतं. शिवाय दोष माहीत असून असुरक्षित गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे. टोइंगची पावती तक्रारीला जोडता येईल.

आज पैसे भरण्याआधी गॅरेजच्या नंबरवर एवढंच पाठवा : ‘स्टिअरिंग रॅक उतरवण्यास मी संमती दिली नव्हती. गाडी ताब्यात मिळावी एवढ्यासाठी ३,५०० रुपये आक्षेप नोंदवून देत आहे. काढलेले दोन्ही अ‍ॅक्सल आणि दोन्ही कामांचं पक्कं बिल गाडीसोबत द्यावं.’ मग पैसे पाठवा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट भावाकडेही ठेवा.